आई गमावलेल्या पिल्लांचे घर

एप्रिलचे दिवस, सकाळची शाळा. पाचवीचा एक मुलगा हजेरी संपल्यावर वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. उशीर झाला म्हणून मी रागावणारच होते, तेवढ्यात त्याच्या शर्टाच्या आत काहीतरी हलताना दिसले. त्याने वरची दोन बटणे उघडली. आत वानराचे पिल्लू होते. गुलाबी तोंड, तपकिरी अंग, तळहातात मावेल एवढे. मोठे झाल्यावर काळ्या तोंडाचे आणि करड्या केसांचे होणारे आपल्या गावोगावचे वानर जन्मताना असे दिसते, हे मला त्या दिवशी कळले.

"आपा, इसकी अम्मी डीपी पे चिपक गई," तो म्हणाला.

चौकातल्या चिंचेवरून वानरांची टोळी रोज शाळेच्या कौलांवर येते. त्यातली एक मादी विजेच्या डीपीवर उतरली आणि तारांना चिकटून खाली पडली. पिल्लू तिच्या पोटाला तसेच बिलगून होते. लोक गोळा झाले, मोबाइलवर फोटो काढून झाले. या मुलाने पिल्लू सोडवून शर्टात घातले आणि सरळ शाळा गाठली. एवढ्या सकाळी मोठे माणूस म्हणून त्याला कोण आठवले असेल, तर शिक्षक.

त्याच्या वडिलांचे मटणाचे दुकान आहे. स्टाफरूममध्ये कोणीतरी हसून म्हणाले, "कसायाचा पोरगा अन् माकड वाचवतो!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते, पण मुलाने ऐकले आणि मान खाली घातली. मी त्या वेळी काहीच बोलले नाही. तेच मला आजवर टोचत राहिले आहे, आणि हा लेख लिहिण्याचे अर्धे कारण तेच आहे.

पिल्लाचे आम्ही काय केले तेही सांगते, कारण त्यात चुका झाल्या. शिपाईभाऊंनी गाईचे दूध आणले आणि आम्ही कापसाच्या बोळ्याने ते पाजू लागलो. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची असते, दूध नंतर. शिवाय एका जनावराचे दूध दुसऱ्याच्या पिल्लाला तसेच्या तसे पचेलच असे नाही. हे आम्हाला वनखात्याच्या माणसाने दुपारी येऊन सांगितले. तोपर्यंत मुलाने पिल्लाला आपल्या छातीपासून दूर केले नव्हते. ऊब त्यानेच दिली, नकळत. खात्याची माणसे पिल्लू घेऊन निघाली तेव्हा त्याने मला विचारले, "अब ये कहाँ रहेगा?"

अशा पिल्लांसाठी एक घर असते, असे मी त्याला सांगून टाकले. आणि सांगताना डोळ्यांपुढे आले ते हेमलकसा. त्याच्या आदल्याच हिवाळ्यात आम्ही घरची मंडळी तिथे जाऊन आलो होतो.

दवाखाना आधी, अनाथालय नंतर

पांढरकवड्याहून निघाले की वणी, घुग्घुस, चंद्रपूर, पुढे बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली आणि मग भामरागडचा रस्ता. आलापल्लीनंतर जंगल दाट होत जाते आणि गावे विरळ. आम्ही पहाटे नमाज पढून निघालो होतो. सासूबाईंनी डब्यात रोट्या आणि सुके मटण दिले होते. वाटेत एका नाल्याकाठी बसून आम्ही ते खाल्ले. हे मुद्दाम सांगते, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

हेमलकसा हे गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यातले छोटेसे ठिकाण. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या भामरागडला मिळतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आपण आजही दर पावसाळ्यात वाचतो. पन्नास वर्षांपूर्वी तर तिथे रस्ता नव्हता, वीज नव्हती, डॉक्टर नव्हता. माडिया गोंड आदिवासी आजारी पडले की भगताकडे जात, नाहीतर मरण पत्करत. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. वरोऱ्याजवळचे आनंदवन आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेकांनी पाहिले आहे, निदान ऐकले तरी आहे. कुष्ठरोग्यांसाठी उभ्या राहिलेल्या त्याच महारोगी सेवा समितीचे हे आणखी एक काम.

बाबांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. शस्त्रक्रियेचे पुढचे शिक्षण सोडून ते हेमलकशाला गेले. पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे भूलतज्ज्ञ. दोघे झोपडीत राहिले, झाडाखाली रुग्ण तपासू लागले. सुरुवातीला रुग्णच येत नसत. पूर्ण कपडे घातलेल्या माणसांना पाहून माडिया पळून जात, म्हणून डॉक्टरांनी पॅन्ट-शर्ट सोडून पांढरी चड्डी आणि बंडी हाच वेश केला. तो आजही तोच आहे. दोघे माडिया भाषा शिकले. मलेरिया, कुपोषण, भाजलेली माणसे आणि अस्वलाने फाडलेली माणसे, असा तो दवाखाना होता. पुढे १९७६ मध्ये निवासी शाळा सुरू झाली.

म्हणजे इथे प्राण्यांसाठी कोणी आलेच नव्हते. कोणतीही संस्था पाहताना ती आधी कशासाठी उभी राहिली, हे मी विचारते. काही ठिकाणी माणसाकडे पाठ फिरवून प्राण्यांवर माया केलेली दिसते आणि माझे मन तिथे रमत नाही. हेमलकशात प्राणी माणसांच्या मागोमाग आले.

ते कसे आले, ती गोष्ट डॉ. आमटे यांनी अनेकदा सांगितली आहे, आणि ती महाराष्ट्राला ठाऊकही आहे. पण त्यातल्या एका भागाकडे आपण नीट पाहत नाही, म्हणून पुन्हा सांगते. सुरुवातीच्या काळात आमटे दाम्पत्य जंगलातून चालले असताना शिकारीहून परतणारे माडिया भेटले. मारलेली माकडे त्यांनी काठीला टांगली होती. त्यातल्या एका मेलेल्या मादीला तिचे पिल्लू लटकून होते आणि अजून दूध पीत होते. या पिल्लाचे काय करणार, असे डॉक्टरांनी विचारले. खाणार, असे उत्तर आले. डॉक्टरांनी ते मागून घेतले आणि बदल्यात त्यांना धान्य देऊ केले. ते लाल तोंडाचे पिल्लू म्हणजे बबली. हेमलकशाच्या अनाथालयातले पहिले लेकरू.

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पिल्लासाठी रडले होते. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की डॉक्टरांनी शिकाऱ्यांना एका शब्दानेही हिणवले नाही. त्यांना रानटी म्हटले नाही, पापी म्हटले नाही. उलट त्यांना समजले की या लोकांना दुसरे खायलाच नाही. शेती नीट नाही, दुकान नाही, पैसा नाही. मुंगीपासून माकडापर्यंत जे मिळेल ते पोटात जाते. मग त्यांनी लोकांशी एक साधा व्यवहार ठरवला. भुकेपोटी शिकार करावी लागते, ते कळते. पण पिल्लू सापडले तर ते मारू नका, आमच्याकडे आणून द्या. आणि दुसरीकडे शेती, भाजीपाला, शाळा यांचे काम सुरू ठेवले, म्हणजे शिकारीची गरजच हळूहळू कमी व्हावी.

लोक खरोखर पिल्ले आणू लागले. ज्यांच्या हातात धनुष्यबाण होता, त्यांच्याच हातांनी बिबट्याचे बछडे आले, अस्वलाची पिले आली, हरणाची पाडसे आली. कुत्र्यांनी धरलेले, विहिरीत पडलेले, जंगलतोडीत सापडलेले प्राणी आले. अनाथालय भरत गेले ते असे. 'आमटेज ॲनिमल आर्क' या नावाने ते जगाला माहीत झाले. नेगल नावाचा बिबट्या तर मराठी वाचकांच्या घरातला झाला, कारण प्रकल्पाचे सहकारी विलास मनोहर यांनी त्याच्यावर पुस्तकच लिहिले.

मांजरासारखे आणि मांजर नव्हे

आम्ही गेलो तेव्हा प्रकल्पातला एक तरुण आमच्याबरोबर फिरला. माडियाच होता, इथल्याच शाळेत शिकलेला. बिबटे, अस्वले, तरस, मगर, साळींदर, हरणे, घुबडे, सगळे त्याने दाखवले, पण खरे सांगायचे तर माझे लक्ष त्याच्या बोलण्याकडे जास्त होते. कोणते जनावर कुठल्या गावाकडून आले, आले तेव्हा कसे होते, हे तो नातेवाइकांविषयी बोलावे तसे सांगत होता. माझ्या धाकट्या मुलीने त्याला विचारले, "दादा, तुम्ही यांना विकत आणता का?" तो हसला. म्हणाला, इथे कोणी विकत येत नाही, ज्याचं कोणी उरलं नाही तो येतो.

प्राणिसंग्रहालय आणि असा आसरा यांतला फरक त्या मुलाने एका वाक्यात सांगितला.

पण या कामात एक अडचण आहे, आणि तिच्याविषयी गोड बोलून चालत नाही. माणसाच्या हातून दूध प्यायलेले बिबट्याचे पिल्लू परत जंगलात सोडता येत नाही, निदान सहज तरी नाही. शिकार कशी करायची, हे आई शिकवते. महिनोन्महिने ते तिच्या मागे फिरते, पाहते, चुकते. हे शिक्षण डॉक्टर देऊ शकत नाही, कितीही प्रेम असले तरी. शिवाय माणसात वाढलेल्या जनावराला माणसाची भीती उरत नाही. जंगलातला बिबट्या माणूस दिसला की बहुधा वाट बदलतो. पिंजऱ्यात वाढलेला सोडला, तर तो भूक लागल्यावर माणसाच्या दाराशी येणार, कारण आजवर भाकर तिथूनच मिळाली. पुढे काय होईल ते वेगळे सांगायला नको. म्हणून बहुतेक अनाथ श्वापदांना वाचवणे म्हणजे त्यांना जन्मभर सांभाळणे. दहा-पंधरा वर्षे रोजचे मांस, औषध, पिंजऱ्याची डागडुजी. ही एखाद्या दिवसाची दया नसते. धान्य देऊन बबलीला घेतले, त्या क्षणी आमटे दाम्पत्याने हे सगळे मान्य केले होते. तेव्हा त्यांच्या स्वतःच्या झोपडीत वीजही नव्हती.

आपल्या यवतमाळकरांना ही अडचण पुस्तकातून समजून घेण्याची गरज नाही. टी-१ वाघीण, जिला वर्तमानपत्रांनी अवनी म्हटले, ती आपल्याच राळेगाव-पांढरकवडा भागातली. तेरा माणसांच्या मृत्यूला ती जबाबदार मानली गेली. त्या दिवसांत कापूस वेचायला बायका एकट्या जात नव्हत्या, डबे वाजवत घोळक्याने जात. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया त्यांत होत्या, त्यामुळे वाघिणीसाठी रडणाऱ्या शहरी लोकांचा मला तेव्हा रागही आला होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. मागे दोन बछडे राहिले, दहा-अकरा महिन्यांचे.

त्यांतली मादी बछडी २२ डिसेंबरला बेशुद्ध करून पकडली आणि पेंचला नेली. तिथे तिला मोठ्या कुंपणात ठेवून शिकारीची सवय लावण्याचा प्रयत्न झाला, माणसाचा सहवास टाळला गेला. दोन वर्षांहून जास्त काळ ही मेहनत चालली. मार्च २०२१ मध्ये तिला पेंचच्या जंगलात सोडले. आठवडा-दीड आठवड्यातच दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत ती जखमी झाली आणि मेली.

ही बातमी वाचली त्या दिवशी मला वाघिणीचा राग आठवला नाही. तेरा घरांतली लेकरे आठवली आणि ती बछडीही आठवली. दोन्ही एकदम मनात येऊ शकतात, हे मान्य करायला मला वेळ लागला. हेमलकशाच्या दवाखान्यात मात्र हे रोजचेच होते. अस्वलाने तोंड फाडलेल्या माणसाला टाके घालायचे आणि त्याच आवारात अस्वलाच्या पिलाला दूध पाजायचे. डॉक्टरांनी दोघांपैकी एक निवडला नाही.

एक गोष्ट मला खटकते, तीही लिहिते. डॉ. आमटे बिबट्याला मिठी मारताहेत, तरसाला कुरवाळताहेत, असे फोटो आणि व्हिडिओ सगळीकडे फिरतात. त्यावर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मागे आक्षेप घेतला होता. बाळपणापासून ज्यांना सांभाळले त्यांच्याशी डॉक्टरांचे नाते काय आहे, ते त्यांना ठाऊक. पण तो फोटो पाहून आमच्या वर्गातला मुलगा उद्या शेतात सापडलेल्या रानमांजराला उचलून छातीशी धरेल, ही माझी भीती आहे. मांजरासारखे दिसते ते मांजर नसते. आम्ही गेलो तेव्हा माझ्या मुलीला आत हात घालू दिला नाही, हे मला फार आवडले.

डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, नाना पाटेकरांनी डॉक्टरांची भूमिका केली. त्यानंतर हेमलकशाकडे माणसांची रीघ लागली. आता त्यांची मुले दिगंत आणि अनिकेत, सुना आणि जुने कार्यकर्ते प्रकल्प पाहतात. पैसा अजूनही देणगीदारांकडूनच येतो.

आपल्या घरात

प्राण्यांवर दया हा विषय निघाला की आपल्या घरांत एक अवघडलेपण येते. आपण मांस खातो, बकरी ईदला कुर्बानी करतो. त्यामुळे प्राण्यांविषयी बोलण्याचा हक्कच आपल्याला नाही, असे कोणी तोंडावर म्हणते, कोणी म्हणत नाही. आणि आपणही ते मनातून मान्य करून टाकतो, मुलांना म्हणतो, जाऊ दे, आपलं काम नाही ते. स्टाफरूममधल्या त्या हसण्याला मला उत्तर सुचले नाही, ते याच सवयीमुळे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हदीसांमध्ये तहानलेल्या कुत्र्याला मोज्यात विहिरीचे पाणी भरून पाजणारा माणूस आहे, त्याला क्षमा मिळाली. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी बाई आहे, तिला शिक्षा झाली. या दोन्ही आपण मदरशात ऐकलेल्या. तिसरी मात्र फार कमी सांगितली जाते. प्रवासात काही सहाबींनी एका लहान पक्षिणीची पिल्ले उचलून घेतली. ती पंख फडफडत भोवती फिरू लागली. प्रेषितांनी (स.) ते पाहिले, हिला पिल्लांवरून कोणी दुखावले असे विचारले आणि पिल्ले परत ठेवायला लावली. अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. ज्या समाजात उंट-बकरी खाणे रोजचे होते, त्याच समाजातली ही गोष्ट आहे. ती ऐकवल्यावर आमच्या शाळेतल्या मुलांना बबलीची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

फेस हे मोरोक्कोतले जुने शहर. तिथल्या अरुंद गल्ल्यांत गाडी जात नाही, सगळा माल गाढवे आणि खेचरे वाहतात. १९२७ पासून तिथे 'अमेरिकन फोंदुक' नावाचा धर्मादाय दवाखाना या जनावरांवर मोफत उपचार करतो. आपल्या मुंबईतली पांजरापोळ त्याहून जुनी, १८३४ ची. इंग्रजांनी भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, त्यावरून १८३२ मध्ये पारशी रस्त्यावर उतरले, मोठा दंगा झाला. त्यानंतर सर जमशेटजी जिजीभॉय आणि जैन व्यापारी यांनी मिळून ती उभी केली. गाढव, खेचर, गाय, कुत्रा ही माणसाच्या दारातली जनावरे, त्यांच्यासाठी असे आसरे पूर्वीपासून होत आले. जंगलातल्या अनाथांसाठी आसरा ही मात्र नवी गोष्ट, आणि ती विदर्भाच्या एका कोपऱ्यात, तीही शिकार करून जगणाऱ्यांच्या मदतीने झाली.

आता माझ्या घरातली गोष्ट. आमच्याकडे सासूबाईंचा मिठ्ठू होता. अकरा वर्षे ओसरीवर पिंजऱ्यात. पाहुणा आला की सलाम म्हणायचा, अजान झाली की गप्प बसायचा. आमच्या मोहल्ल्यात दर दोन-चार घरांआड असा पिंजरा आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा रानपोपट पाळणे गुन्हा आहे, हे किती जणांना माहीत आहे? मला बीएड होऊनही माहीत नव्हते. दुकानात मिळणारे परदेशी लव्हबर्ड वेगळे. आपला हिरवा पोपट, ससा, वानर, घोरपड, मोर हे सगळे या कायद्याच्या संरक्षणात येतात.

हेमलकशाहून आल्यावर त्याच थंडीत मिठ्ठू गेला. सासूबाई आठवडाभर नीट जेवल्या नाहीत. होळीच्या सुमारास टोपलीवर फडके टाकून पिल्ले विकणारा माणूस गल्लीत आला. फडक्याखाली पंखही न फुटलेली सात-आठ पिल्ले एकमेकांवर चढून बसली होती. सासूबाईंनी रुमालाची गाठ सोडून पैसे काढले.

मी म्हणाले, "अम्मी, ही झाडाच्या ढोलीतून काढून आणलेली आहेत. यांची आई तिथं फिरत असेल."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "दुल्हन, मिठ्ठूला मी काय कमी केलं?"

मला उत्तर देता आले नाही. त्यांनी खरेच काही कमी केले नव्हते. स्वतःच्या ताटातला डाळिंबाचा दाणा त्याला दिला होता. पण बबली आईवेगळी झाल्यावर डॉक्टरांकडे आली होती, आणि टोपलीतली पिल्ले आमच्यासाठी आईवेगळी केली गेली होती. हा फरक मला त्यांना नीट सांगता आला नाही. त्यांनी पैसे परत रुमालात बांधले आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पिंजरा माळ्यावर आहे. त्यांनी तो टाकू दिलेला नाही.

शेतात, रस्त्यात पिल्लू सापडले तर काय करावे, हे त्या एप्रिलनंतर मी दर वर्षी मुलांना सांगते, तेच इथे लिहिते. पऱ्हाटी उपटताना सशाची किंवा हरणाची पिल्ले सापडली, तर ती अनाथ आहेत असे लगेच समजू नका. हरणी पाडसाला गवतात लपवून चरायला जाते, संध्याकाळी परत येते. त्याला उचलून घरी आणणे म्हणजे आपणच त्याला अनाथ करणे. दुरून पाहा, कुत्री हाकला, काम दुसऱ्या धुऱ्याला सुरू करा. आई मेलेली डोळ्यांनी दिसली, किंवा पिल्लू जखमी असेल, तर सुती कापडात गुंडाळून अंधाऱ्या खोक्यात ठेवा, भोकांतून हवा येऊ द्या, आणि वनखात्याच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. दूध पाजू नका. फोटोसाठी हातोहाती फिरवू नका. गाय, बकरी, गाढव अशा पाळीव जनावरासाठी पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्याचा क्रमांक १९६२ आहे. आणि घरी ठेवू नका, कितीही लळा लागला तरी. तो कायद्याचा गुन्हा आहेच, पण मोठे झालेले वानर चावते तेव्हा त्याच घरातले लोक काठी घेतात, हे मी पाहिले आहे.

हेमलकशाला जायचे असेल तर हिवाळ्यात जा. पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नाही. मुलांना घेऊन जा, पण बिबट्या पाहून लगेच गाडीत बसू नका. दवाखान्याच्या ओसरीवर थोडा वेळ बसा, शाळा पाहा.

तो मुलगा आता आठवीत, दुसऱ्या शाळेत आहे. सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या दुकानात बसतो, हिशेब चोख ठेवतो. परवा मटण घ्यायला गेले होते. वजन करता करता त्याने आवाज खाली करून विचारले, "आपा, उस बंदर का कुछ पता चला?"

मी तीन वर्षांपूर्वी वनखात्याच्या माणसाला एकदा विचारले होते. नागपूरला पाठवलं होतं, एवढेच त्याने सांगितले. पुढचे मी विचारले नव्हते. मुलाला मी तेच सांगितले. त्याने मान हलवली, पिशवी बांधून दिली आणि म्हणाला, "फिर से पूछना आप."

सोमवारी फोन करायचा आहे.